लांबचे उड्डाण आणि जमिनीवरचे हात



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा आठवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या फाटकाशी. अशा माणसाने युद्धातल्या विमानांवर काय बोलावे, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले तर त्यात गैर काही नाही. पण २०२५ साली उलव्याला विमानतळ झाला आणि विमान आपल्या दारातले झाले. दारातल्या वस्तूची पूर्वपीठिका माहीत असावी, एवढ्यासाठी हा विषय मी घेतला.

दुसऱ्या महायुद्धात मलाया जपान्यांच्या ताब्यात होता आणि तिथल्या पेनांग बंदरात पाणबुड्यांचा तळ होता. २७ ऑक्टोबर १९४४ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या १५९ क्रमांकाच्या तुकडीची पंधरा लिबरेटर विमाने बंगालमधल्या मेदिनीपूर जिल्ह्यातील डिग्री या तळावरची या बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरायला गेली. जाऊन-येऊन अंतर ३,००० मैलांच्या वर. मुंबईहून दिल्लीला जावे, परत यावे, पुन्हा जावे, पुन्हा यावे आणि तरी वाट थोडी उरावी, असा हा पल्ला. वाटेत उतरायला जागा नाही. खाली बंगालचा उपसागर आणि पुढे शत्रूचा मुलूख.

विमानाला एवढी मजल कशी मारता आली? या तुकडीचा प्रमुख जेम्स ब्लॅकबर्न हा नुसता धाडसी नव्हता, तर हिशेबी होता. लांबच्या उड्डाणात विमान बाँबपेक्षा पेट्रोलच अधिक वाहते. पेट्रोल वाचले तर तेवढा भार जास्त नेता येतो, किंवा तेवढी वाट जास्त तोडता येते. म्हणून इंजिनाचे फेरे कमी ठेवायचे, हवेत मिसळणारे पेट्रोल शक्य तितके कमी करायचे, चढ एकदम न घेता दमादमाने घ्यायचा. घरात महिनाअखेर तेल पुरवणाऱ्या गृहिणीला हे शास्त्र वेगळे समजावून सांगायला नको. मात्र हा हिशेब बरोबर येतो केव्हा? चारही इंजिने सारखी चालतील तेव्हा. एका झडपेने कुचराई केली की कागदावरचे गणित समुद्रात बुडाले. त्या झडपेची जबाबदारी वैमानिकाची नसते. ती आदल्या दिवशी उन्हात, शिडीवर उभे राहून हात काळे करणाऱ्या फिटरची असते.

हे लिबरेटर विमान अमेरिकेचे. युद्धकाळात १८,००० हून अधिक बांधली गेली. डेट्रॉइटजवळ विलो रन येथे फोर्डच्या कारखान्यात १९४४ साली तासाला एक विमान बाहेर पडत होते, आणि रिव्हेट ठोकणाऱ्यांत हजारो स्त्रिया होत्या. त्या पंधरा विमानांमागे माणसांची ही एवढी रांग उभी होती.

आता आपल्या देशातली हकीकत ऐका. युद्ध संपले. लेंड-लीज कराराने उसनी आलेली विमाने परत तरी करायची, नाहीतर निकामी तरी करायची. ब्रिटिशांनी कानपूरजवळच्या चकेरी तळावर लिबरेटरांची दफनभूमीच केली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणे फोडली, काहींच्या अंगावर गाड्या घातल्या. स्वतंत्र भारताला बाँबफेकी विमाने हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा १९४८ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टकडे काम आले. हा कारखाना १९४० साली सुरू केला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. पुढे तो सरकारकडे गेला. तिथले कामगार कानपूरला गेले. मोडक्यातले धड भाग काढून कमी मोडक्याला बसवले आणि विमान एकदा उडेल एवढे त्याला उभे केले. मग कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती डागडुजी केलेली विमाने एकेक करून बंगलोरला नेली. अंतर ९०० मैलांहून अधिक. पेनांगच्या उड्डाणापेक्षा हे अंतर कमी खरे. पण कालपर्यंत भंगारात पडलेल्या यंत्रात बसून एवढे अंतर जाणे, आणि तेही पुन्हा पुन्हा, याला छाती लागते. त्या छातीला आधार एकच होता, तो म्हणजे ज्यांनी बोल्ट आवळले त्यांच्यावरचा विश्वास.

बंगलोरला पुरती दुरुस्ती झालेली अशी सुमारे चाळीस विमाने हवाई दलाला मिळाली. पुण्याच्या लोहगाव तळावरून ती अरबी समुद्रावर दूरवर टेहळणीला जात. १९६८ पर्यंत त्यांनी सेवा केली. मोडणाऱ्यांनी मोडून टाकलेली यंत्रे वीस वर्षे चालली! त्यांतलेच एक विमान १९७४ साली इंग्लंडला उडत गेले आणि तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात दाखल झाले.

पुस्तकांत ब्लॅकबर्न सापडतो, मुन्शी सापडतात, आणि सापडावेतच. त्यांच्या शौर्यातला गुंजभरही मला कमी करायचा नाही. पण विमानाच्या धंद्यात एक नियम आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. दुरुस्ती ज्याने केली आणि ज्याने तपासली, त्याची सही कागदावर लागते. सहीशिवाय विमान हलत नाही. तिथे नाव लिहिणे म्हणजे मोठेपणा देणे नव्हे. कामाला धनी असावा, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहा. दहा-दहा वर्षे एकाच यंत्रावर हात बसलेला माणूस कंत्राटदाराच्या वहीत एक आकडा असतो; कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते. कंत्राटदार बदलला की त्याची नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायची. कारखानदार म्हणतात, स्पर्धा आहे, खर्च परवडत नाही. त्यांची अडचण अगदीच खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण बॉयलर फुटतो, वायू सुटतो, तेव्हा त्याची झळ कारखान्याच्या भिंतीशी थांबत नाही. तुमच्याआमच्या घरापर्यंत येते. उद्या ज्याला काढायचे त्याच्याकडून आज जीव ओतून काम कसे मागणार?

नव्या विमानतळावर आपण कौतुकाने जाल. अवश्य जा. धावपट्टीवर विमानाच्या पोटाखाली वाकलेला माणूस दिसला तर क्षणभर थांबा, आणि त्याच्या कामाचा पगार कोण देतो, त्याचे नाव कुठल्या पटावर आहे, एवढे विचारा. नागरिकांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर आम्हा युनियनवाल्यांचे निम्मे काम होईल.