शोधयंत्र आणि राजाज्ञा



मोठ्या ग्रंथालयात शिरलेल्या वाचकाची सारी भिस्त सूचीवर असते. कपाटांत लाखभर ग्रंथ असले, पण सूचीच्या खणातून एखाद्या ग्रंथाचे कार्ड तेवढे काढून घेतले, तर तो ग्रंथ जागच्या जागी असूनही वाचकाच्या लेखी नाहीसा होतो. ग्रंथाची होळी करावी लागत नाही की लेखकाला तुरुंगात धाडावे लागत नाही; गाजावाजा न होता काम भागते.

इंटरनेटवर हे सूचीचे काम शोधयंत्रे करतात. गूगल, बायडू, बिंग ही त्यांतील ठळक नावे. या कंपन्यांचे संगणक जगभरची पाने अखंड वाचत असतात, त्यांची अनुक्रमणिका करून ठेवतात आणि आपण दोन शब्द टाकताच जुळणारी पाने क्रमाने समोर मांडतात. ज्याच्या हाती सूची त्याच्या हाती ज्ञानाच्या दाराची किल्ली. तेव्हा राजसत्तेची दृष्टी तिच्याकडे वळावी, यात नवल नाही. राजसत्तेने ‘अमुक कार्डे काढून टाका’ असे फर्मावले, तर कंपनीने काय करावे? या प्रश्नाची कसोटी पाहणारा प्रसंग चीनमध्ये घडला.

अमेरिकेतील गूगल कंपनीने २००० साली चिनी भाषेत शोधाची सोय केली. तिचे संगणक तेव्हा चीनबाहेर होते. पण चीनमधून बाहेर जाणारी प्रत्येक पृच्छा देशाच्या वेशीवर तपासली जाते. आक्षेपार्ह शब्द आढळला की दुवा तुटतो. सप्टेंबर २००२ मध्ये तर सुमारे दोन आठवडे गूगल तेथे पूर्णपणे बंद होते. पुढे ते सुरू झाले, तरी संथ आणि अडखळत. याच काळात, २००० साली बीजिंगमध्ये स्थापन झालेली बायडू ही कंपनी, तेथील कायदा पाळून आणि म्हणूनच विनाअडथळा, झपाट्याने वाढत होती.

जानेवारी २००६ मध्ये गूगलने चीनमध्ये निराळे शोधयंत्र सुरू केले आणि सरकारला नको असलेली पाने स्वतःच गाळण्याचे मान्य केले. मुळीच माहिती न मिळण्यापेक्षा अपुरी मिळालेली बरी, हा तिचा युक्तिवाद. मात्र तिने दोन पथ्ये पाळली. पाने गाळली असतील तेथे तळाशी तशी सूचना द्यायची, आणि टपालाची सेवा चीनमध्ये ठेवायची नाही.

हे दुसरे पथ्य का, ते शी ताओ या चिनी पत्रकाराच्या कहाणीवरून ध्यानात येईल. १९८९ च्या तिआनआनमेन प्रकरणाच्या स्मृतिदिनाविषयी वृत्तपत्रांना आलेल्या सरकारी सूचना त्याने याहूच्या टपालातून परदेशी कळवल्या. याहूकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे त्याचा माग लागला आणि २००५ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये याहूच्या प्रमुखांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याच्या आईची क्षमा मागितली. शी ताओ सुटला तो २०१३ मध्ये. कंपनीने ‘स्थानिक कायदा पाळला’ एवढेच म्हणणे किती तोकडे आहे, हे त्या माउलीला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता गाळणी कशी चालत असे ते पाहा. कोणती पाने वर्ज्य, याची संपूर्ण यादी सरकारने दिलेली नव्हती. गूगलच्या अभियंत्यांनी चीनमध्ये एक संगणक बसवून कोणती पाने उघडत नाहीत ते पडताळले आणि त्यावरून आपली यादी बनवली. यादी स्पष्ट असेल तर निदान तिच्याबाहेरचे निर्धास्तपणे ठेवता येते. ती गुलदस्त्यात असली, की परवाना टिकवण्यासाठी मनुष्य चार पाने जास्तच गाळतो. अशा रीतीने सरकारचा धाक हाच कंपनीचा नियम बनतो. परिणाम असा झाला, की तिआनआनमेनची चित्रे शोधली असता बाहेरच्या जगात रणगाडे दिसत, तर चीनमधील गूगलवर हसतमुख पर्यटक!

ही तडजोड चार वर्षे चालली. १२ जानेवारी २०१० रोजी गूगलने जाहीर केले, की आपल्या यंत्रणेवर चीनमधून हल्ला झाला असून मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या चिनी कार्यकर्त्यांच्या टपालपेट्या हे त्याचे एक लक्ष्य होते. यापुढे आपण गाळणी करणार नाही. त्या दिवसांत बीजिंगच्या लोकांनी कंपनीच्या दाराशी फुले आणून ठेवली. २२ मार्च रोजी चीनमधील शोधाची वाट हाँगकाँगकडे वळवण्यात आली. तेव्हा चीनमधील सुमारे एक तृतीयांश शोध गूगलवर होत. पुढे तो वाटा ओसरत गेला आणि बायडूला मैदान मोकळे मिळाले. मायक्रोसॉफ्टचे बिंग मात्र गाळणी स्वीकारून तेथेच राहिले.

मोह सहजासहजी सुटत नाही. गाळणीसह चीनमध्ये परतण्याची गूगलची गुप्त योजना ऑगस्ट २०१८ मध्ये उघडकीस आली, तेव्हा तिच्या सुमारे १,४०० कर्मचाऱ्यांनी सह्या करून जाब विचारला. २०१९ साली ही योजना सोडून दिल्याचे कंपनीने अमेरिकेच्या सिनेटपुढे सांगितले.

कंपनी राहिली तर कात्री तिच्या हाती येते. गेली तर वाचक आज्ञाधारक प्रतिस्पर्ध्याच्या हवाली होतो. दोन्हीकडे हानी आहेच. मग विवेक कशाने करावा? माझ्या मते, गाळले हे वाचकाला कळते की नाही, यावरून. सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापील मजकूर आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. पण तेथील प्रत्येक वाचकाला हे ठाऊक असे आणि तो ओळींच्या मधले वाचायला शिकला होता. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा आपल्याकडील काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा हजार शब्दांहून अधिक बोलली. शोधयंत्रात कोरी जागा राहत नाही. एक पान काढले की खालचे वर सरकते, आणि वाचकाला यादी भरलेलीच दिसते. म्हणून गूगलची ती तळाची एक ओळ मला मोलाची वाटते. गाळणी स्वीकारण्याचे पाप तिने धुतले जात नाही, तरी वाचकाला आंधळा ठेवण्याचे पाप तरी टळते.

आपल्या देशातही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमान्वये सरकारला मजकूर रोखण्याचा आदेश देता येतो, आणि २००९ च्या नियमांनी ही कारवाई गोपनीय राखली जाते. देशाची सुरक्षितता आणि शांतता यांसाठी काही मजकूर रोखावा लागेल, हे समंजस नागरिक अमान्य करणार नाही. परंतु काय रोखले व कोणत्या कारणासाठी, हे विचारण्याचा हक्क त्याने सोडू नये. आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना यंत्राने दिलेले पहिले उत्तर अंतिम मानू नका, असे सांगत असतो. त्यात आता एका वाक्याची भर घालायला हवी: जे समोर आले ते तपासाच, पण जे समोर आले नाही, त्याचीही विचारपूस करा.