जमीन मोजली, माणसें कोण मोजणार ?

(ग्रामसभेपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या शिवारांत मोजणीचे दगड लागले. कारखाना येणार, पोरांना काम मिळणार, जमिनीला भाव येणार, असें जो तो म्हणतो. तसें होवो, कारखान्यास माझा विरोध नाहीं. नांगर, ऐरण आणि माग यांवर आतां सर्व घरांचें पोट भरत नाहीं. पण कारखान्यामागून माणसें येतात, आणि माणसांना पाणी, शाळा, दवाखाना, गटार हीं लागतातच. त्याचा हिशेब कोणी मांडला आहे काय ?

मागचा अनुभव आठवा. 1921 सालीं मुळशी पेट्यांत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं सत्याग्रह केला. सेनापति बापटांनीं त्यापायीं तुरुंग भोगला. तरी धरण झालेंच, आणि वीज मुंबईस गेली. भाताचीं खाचरें बुडालीं तीं मावळ्यांचीं. मोबदल्याच्या वेळीं मात्र कित्येक जमिनींवर सावकाराचें नांव निघालें. ज्याचें नांव कागदावर, त्याच्या पदरीं पैसा. हा धडा शंभर वर्षांचा झाला तरी अजून शिळा झालेला नाहीं.

अलीकडचें उदाहरण चाकणचें. कांद्याच्या बाजाराचें हें गांव. आसपास महाळुंगे, निघोजे, खराबवाडी. तेथें मोटारींचे कारखाने आले, चाळी उठल्या, शेतकऱ्याला खोलीभाडें मिळूं लागलें. ही मिळकत खरी आहे. पण तळेगांव-चाकण रस्त्यावर मालट्रकांची जी रांग लागते, तींत बाळंतिणीची गाडीहि अडकते आणि शाळेचीं पोरेंहि अडकतात.

यांत दोष बाहेरून आलेल्यांचा, असें म्हणणारे पुढारी तुम्हांस भेटतील. त्यांचें ऐकूं नका. बिहार, ओडिशा, मराठवाडा येथून येणारा मजूर हा शेतकऱ्याचा, विणकराचा, लोहाराचाच मुलगा आहे. दोष आहे तो मापाचा.

सरकारी माप कसें चालतें तें ऐका. सपाटीच्या मुलखांत 5,000 वस्तीस एक आरोग्य उपकेंद्र आणि 30,000 वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा दंडक आहे. पण वस्ती धरावयाची ती शिरगणतीची. आणि 2011 नंतर 2021 ची शिरगणती झालीच नाहीं. मागाहून चाळींत आलेलें कुटुंब त्या जुन्या आंकड्यांत नाहीं. तें पाणी पितें, आजारी पडतें. पण कागदावर तें जन्मलेलेंच नाहीं!

शाळेचेंहि तेंच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक शाळेंत 30 मुलांमागें एक शिक्षक ठरविला. आपल्या राज्यांत शिक्षकांची मंजुरी 30 सप्टेंबरच्या पटावरून होते. दिवाळीनंतर आलेलें मूल मास्तरापुढें बसतें, पण त्या वर्षीच्या हिशेबांत बसत नाहीं. मग एकाच मास्तरानें किती पाट्या तपासाव्या ? त्यांत नुकसान तुमच्याहि मुलाचें आणि त्याच्याहि मुलाचें.

म्हणून माझें सांगणें तीन गोष्टींचें आहे.

पहिली : आपण स्वतः मोजूं. दर सहा महिन्यांनीं आळीआळीनें, भाडेकरूंसुद्धां, माणसें मोजावीं, यादी ग्रामसभेंत वाचावी आणि ठराव करून जिल्हापरिषदेस पाठवावी. मुलाचा जुन्या शाळेचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारतां येत नाहीं; तें मूल सप्टेंबरापूर्वीं पटावर आणा.

दुसरी : पैशाची बोलणी आधीं करूं.  औद्योगिक महामंडळाच्या हद्दींत कर कोण गोळा करणार आणि गांवाचा वाटा किती, हें लेखी विचारा. तोंडी वचन पहिल्या पावसांत वाहून जातें.

तिसरी : 2013 च्या कंपनी कायद्यानें, ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा अधिक आहे, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के लोकहितासाठीं खर्चावयाचे आहेत, आणि त्यांत आसपासच्या भागास अग्रक्रम द्यावयाचा आहे. त्या पैशांतून आपल्याला प्रवेशद्वाराची कमान नको, फलक नको. पाण्याची टाकी, दोन वर्गखोल्या आणि बाळंतपणाची सोय मागा.

1882 सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें हाच हिशेब मांडला होता : सरकारचा वसूल येतो रयतेच्या कष्टांतून, आणि शिक्षणाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांस. आज जमीन रयतेची जाणार, घाम रयतेचा गळणार. मग शाळा-दवाखाना रयतेला मिळालाच पाहिजे. तो दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

येत्या ग्रामसभेंत नुसता अंगठा उठवून घरीं जाऊं नका. ठराव वाचून घ्या, समजला नाहीं तर पुन्हां वाचावयास लावा, आणि मगच सही करा. बायाबापड्यांनींहि यावें, पाण्याची घागर त्यांच्याच डोक्यावर असते. मोजणीची वही शाळेंत ठेवली आहे. येत्या रविवारीं प्रत्येक आळींतून दोन जाणतीं पोरें व दोन बाया मजकडे पाठवा, म्हणजे कामास आरंभ करूं.