लेफॅन्यूंचं माकड



संध्याकाळ उलटून गेलेली. लंडनची घोड्यांची बस. आत एकच उतारू, जेनिंग्ज नावाचे पाद्री. समोरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्यांना दोन तांबूस ठिपके दिसतात. कोटाची बटणं असतील तेवढेच. मग ठिपके हलतात. ते डोळे असतात, एका लहानशा काळ्या माकडाचे. पाद्रीबाबा छत्रीचं टोक हळूच पुढे करतात, आणि छत्री माकडातून आरपार जाते.

ही ‘ग्रीन टी’, म्हणजे हिरव्या चहाची गोष्ट. १८६९ साली ती डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. लिहिली होती डब्लिनच्या जोसेफ शेरिडन लेफॅन्यू यांनी. डिकन्स आपल्या शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचला. लेफॅन्यूंचं नाव मात्र भुताच्या गोष्टी आवडीने वाचणाऱ्यांनाही सांगावं लागतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

१८५८ मध्ये पत्नी सुझॅना गेली आणि हा गप्पिष्ट माणूस हळूहळू घरात मिटून गेला. वर्तमानपत्रं चालवली, मासिकाचं संपादन केलं, पण लोकांत दिसेना. डब्लिनकर त्यांना ‘अदृश्य राजपुत्र’ म्हणू लागले. मुलाने सांगितलेली आठवण अशी, की ते रात्री अंथरुणातच लिहीत. पहाटे दोनच्या सुमाराला जाग आली की शेजारी दोन मेणबत्त्या, हातात वही, आणि स्वतः केलेला कडक चहा.

त्या रात्रींतून १८७२ चं ‘इन अ ग्लास डार्कली’ हे पुस्तक आलं. ‘ग्रीन टी’ धरून पाच कथा, आणि पाचही एका डॉक्टरच्या कागदपत्रांतून निघालेल्या. आपल्याकडच्या भुताला काहीतरी हवं असतं: नारळ, कोंबडं, राहून गेलेली इच्छा. ते दिलं की सुटका. जेनिंग्जच्या माकडाला देऊन वाटेला लावावं असं काहीच नसतं. पाद्रीबाबांनी कुणाचं वाईटही केलेलं नाही. प्रार्थना म्हणायला उभे राहिले की ते उघड्या पुस्तकावर येऊन बसतं, अक्षरंच दिसू देत नाही. बाहेरचं भूत म्हणावं की मनातलं? लेफॅन्यू उत्तर देत नाहीत. माझ्या मते भयकथेने तिथे फार मोठी मजल मारली.

याच पुस्तकात ‘कार्मिला’ आहे, रक्त पिणाऱ्या एका तरुणीची कथा. ‘ड्रॅक्युला’ आली १८९७ मध्ये, पंचवीस वर्षांनी. तिचा लेखक ब्रॅम स्टोकरही डब्लिनचाच. त्याच्या टिपणांत ड्रॅक्युला सरदाराचा वाडा आधी स्टिरियात होता, म्हणजे कार्मिलाच्याच मुलखात. पुढे ड्रॅक्युलाचा इतका बोलबाला झाला, की थोरली बहीण झाकोळली.

पुस्तक निघालं आणि पुढच्याच फेब्रुवारीत लेफॅन्यू गेले. त्यांच्या कितीतरी कथा मासिकांत नावाशिवाय छापलेल्या होत्या, तशाच पडून राहिल्या. त्या शोधायला बसले एम. आर. जेम्स, स्वतः भुताच्या गोष्टींचे उस्ताद. जुने अंक चाळून, भाषेची वळणं ताडून त्यांनी कथा ओळखल्या आणि १९२३ मध्ये ‘मॅडम क्रोल्स घोस्ट’ हा संग्रह काढला. तोवर लेफॅन्यूंना जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

‘इन अ ग्लास डार्कली’ कधी हाती लागलं तर ‘ग्रीन टी’पासूनच सुरुवात करा. ती छत्री पुढे होते, तिथे जरा थांबा.