शहराचा कचरा आणि गावाची वेस

(पंचायत सदस्य, शिक्षक व नगरपालिका अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मोठ्या शहरातील नागरी जीवनावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. पाणी, रस्ते, घरे, वाहतूक असे अनेक प्रश्न या विषयात येतात. त्यांतून मी एकच निवडला आहे, आणि तो सर्वांत कमी प्रतिष्ठेचा आहे. तो म्हणजे कचरा. आपल्यापैकी बरेच जण गावांतून आले आहेत. त्यांना वाटेल की शहराच्या कचऱ्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. धान्य, भाजीपाला, दूध गावातून शहराकडे जाते. त्याच्या बदल्यात शहराने गावाच्या वेशीवर काय आणून टाकले, हे पाहिले की हा संबंध ध्यानात येतो.

उकिरड्याचे बदललेले रूप

आपल्या गावगाड्यात उकिरडा ही टाकाऊ वस्तू नव्हती. शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठे त्यात पडत आणि वैशाखात गाड्या भरभरून ते खत शेतात जाई. जे मातीतून आले ते मातीत परत जात असे. त्या उकिरड्यात न कुजणारे असे फारसे काही नसायचेच. शहरात हे चक्र दोन ठिकाणी तुटले. एक तर माती दूर गेली. दुसरे म्हणजे स्वयंपाकघरातील ओल्या पदार्थांबरोबर प्लास्टिकची पिशवी, काच, बॅटरी, औषधाची बाटली एकाच बादलीत पडू लागली. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला, म्हणजे सहज खत होण्याजोगा असतो. परंतु तो इतर वस्तूंत मिसळला की ओल्याचे खत होत नाही आणि सुके विकले जात नाही. मिसळण्याच्या त्या एका क्षणी दोन उपयोगी वस्तूंची एक निरुपयोगी वस्तू होते.

असा मिश्र कचरा ढिगाने साचला की ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. हवेवाचून कुजताना मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. उन्हाळ्यात ढीग पेटतात ते त्यामुळे, आणि वरून पाणी मारले तरी आतली आग दिवसेंदिवस धुमसत राहते. मुंबईच्या देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. तेथे २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर शहराच्या मोठ्या भागावर पसरला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पावसाळ्यात त्याच ढिगातून काळे, दूषित पाणी झिरपते आणि आसपासच्या विहिरींत उतरते. आग चार दिवसांनी तरी विझते. विहीर एकदा बिघडली की पिढीभर सुधारत नाही.

दोन गावांची गोष्ट

पुण्याचे उदाहरण घेऊ. हवेली तालुक्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे आहेत. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून पुणे शहराचा कचरा तेथील डेपोवर जाऊ लागला. शहर वाढले, तसा ढीग वाढला. गावकऱ्यांच्या वाट्याला दुर्गंधी आली, माश्या आल्या, आणि विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. स्वतःच्या शिवारात भरल्या विहिरी असून पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची पाळी शेतकऱ्यावर आली. या गावात मुलगी देण्यास लोक कचरतात, ही तक्रारही तेथून वारंवार ऐकू आली. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' अशी आपल्याकडे म्हण आहे. या गावांनी दोनदा बारा वर्षे वाट पाहिली.

२०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली आणि गावकऱ्यांचा संयम संपला. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. सुमारे तीन आठवडे पुण्याचा कचरा पुण्यातच राहिला. मी त्या वेळी पुण्यातच होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली कुंडी दुसऱ्या दिवशी भरली, चौथ्या दिवशी वाहू लागली आणि आठवड्याने तिच्या बाजूने नाकाला रुमाल लावल्यावाचून जाता येईना. शेजारीपाजारी गावकऱ्यांना दोष देत होते. मीही दिला, हे प्रांजळपणे सांगतो. त्यानंतर काही दिवसांनी कामानिमित्त त्या बाजूस जाणे झाले. एका वयस्क शेतकऱ्याने मला आपली विहीर दाखविली. पाण्यावर तवंग होता. ते गृहस्थ रागावले नाहीत. तुम्हाला तीन आठवड्यांत जे सोसवले नाही ते आम्ही किती वर्षे सोसले, एवढेच त्यांनी विचारले. त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. माझ्या घरची बादली त्या दिवसापर्यंत एकच होती.

ज्यांनी वाट दाखविली

याच पुणे शहरात या प्रश्नाची एक वाट सापडली आहे, आणि ती दाखविणाऱ्यांत मोठा वाटा कचरा वेचणाऱ्या भगिनींचा आहे. कुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला विकायचा, हा त्यांचा उदरनिर्वाह. समाजाच्या अगदी तळच्या थरांतून आलेल्या या स्त्रियांना लोक चोर समजत, पोलीस हटकत. १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यातील कार्यकर्त्या आणि डॉ. बाबा आढाव यांचे तिला मार्गदर्शन लाभले. संघटनेने दिलेल्या ओळखपत्रांना पुढे महापालिकेने मान्यता दिली. कागदाच्या त्या चतकोर तुकड्यामुळे 'कचरेवाली' ही शहराची एक कामकरी स्त्री ठरली.

त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. सभासदांनी दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घ्यावा, घरटी ठरलेले मासिक शुल्क घ्यावे आणि सुक्यातून विकण्याजोगे असेल त्याचे पैसे त्यांचे असावेत, अशी ही व्यवस्था. संस्थेच्या सभासदांची संख्या तीन हजारांच्या वर गेली. जी स्त्री पूर्वी कुंडीत वाकत असे, ती आता दारावर येऊन हक्काने विचारते, 'ताई, ओला-सुका वेगळा केला का?' या व्यवस्थेत विकला गेलेला प्रत्येक किलो सुका कचरा डेपोवर न जाता कारखान्यात जातो, आणि तेवढा गावाचा भार हलका होतो.

शहराने इतर उपायही केले. निरनिराळ्या भागांत ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस निर्माण करणारे प्रकल्प उभारले. घरच्या आवारात गांडूळ खत करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत दिली. यांतील काही योजना नीट चालल्या, काही प्रकल्प अर्ध्या क्षमतेने चालले वा बंद पडले. जेथे कचरा वेगळा होऊन आला तेथे यंत्र चालले. जेथे मिसळून आला तेथे ते अडले. यंत्र कितीही महाग असले तरी घरातल्या दुसऱ्या बादलीची उणीव ते भरून काढू शकत नाही.

नियम आणि आपण

केंद्र शासनाने २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम केले. २०१६ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या अधिक व्यापक नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण प्रत्येक घरावर बंधनकारक केले, कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले, आणि शहरालगतच्या वाढत्या गावांतील ग्रामपंचायतींवरही जबाबदारी सोपविली. पंचायत सदस्यांनी हा शेवटचा मुद्दा ध्यानात घ्यावा. आज ज्याला आपण गाव म्हणतो तेथे दहा वर्षांत चारमजली इमारती उभ्या राहतात. इमारतीला परवानगी देतानाच ओला कचरा कोठे जिरणार, हे विचारले पाहिजे. नंतर विचारून उपयोग नसतो. तोवर ओढा भरलेला असतो.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा आहे. हाती खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, हा संत गाडगेबाबांचा नित्यक्रम होता. २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा स्पर्धेच्या निमित्ताने का होईना, हजारो गावे हाती झाडू घेऊन रस्त्यावर आली. गावांनी जे करून दाखविले ते शहराच्या वस्त्यांना अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही.

शिक्षक मित्रांना माझी एकच विनंती. शाळेच्या आवारात चार फूट लांबीरुंदीचा एक खड्डा करा. मधल्या सुटीतील फळांच्या साली व उरलेले अन्न त्यात टाका, त्यावर वाळलेला पाला पसरा, ओल राखा, आठवड्यातून एकदा मुलांकडून खालीवर करवा. दोन-तीन महिन्यांत त्यातून काळेभोर, मातीचा वास येणारे खत निघेल. ते ज्याने हातात घेतले, तो मुलगा घरी जाऊन आईला दुसरी बादली ठेवावयास सांगतो. अधिकाऱ्यांना एवढेच सांगेन, की वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत एकत्र ओतलेला नागरिकाने एकदा पाहिला, की त्याच्या घरातील दुसरी बादली त्याच दिवशी नाहीशी होते. गाडीला दोन कप्पे असणे हे शंभर फलकांपेक्षा मोलाचे आहे.

मित्रहो, 'टाकून दिले' असे आपण सहज म्हणतो. पण टाकलेली वस्तू कोणाच्या तरी दारातच जाऊन पडते. ते दार कोणाचे, याची आठवण बादली रिकामी करताना राहिली, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.