शब्दांचा खेळ आणि मुलांचा वेळ
(अर्धापूर येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मोबाइलवरील शब्दकोड्यांचे खेळ मुलांच्या हिताचे की अहिताचे, हा आजचा विषय. आपण पालक याचे उत्तर दोन टोकांनी देतो. कोणी म्हणतो, "मोबाइल म्हणजे बिघाड." कोणी म्हणतो, "शब्दांचाच खेळ आहे ना? खेळू द्या, इंग्रजी तरी सुधारेल." दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझा नातू रोज पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ खेळतो. अक्षर योग्य जागी असले की घर हिरवे होते, शब्दात असून जागा चुकली की पिवळे. संधी सहा. तो रोज पहिला शब्द 'क्रेन' टाकतो. मी विचारले, "बेटा, याचा अर्थ काय?" म्हणाला, "दादा, केळीचा ट्रक उलटला की उचलायला येते ते यंत्र." मी म्हटले, "क्रेन नावाचा पक्षीही असतो, उंच पायांचा." त्याला ते ठाऊक नव्हते. शेकडो वेळा लिहिलेला शब्द, पण शब्दकोशात एकदाही पाहिलेला नाही!

यात लाभ आणि उणीव दोन्ही दिसतात. स्पेलिंग पक्के होते, कोणते अक्षर कोणाशेजारी बसते याचा अंदाज येतो, तर्काने एकेक शक्यता खोडण्याची सवय लागते. पण अर्थ आपोआप येत नाही. तो वाचनातून आणि बोलण्यातून येतो. आपल्या मुलांच्या घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, आणि परीक्षेत इंग्रजी. तीन भाषांचे हे ओझे नसून भांडवल आहे. 'क्रेन' इंग्रजीत पाच अक्षरी, आपल्या मराठीत दोनच अक्षरी. असे का, हे मुलाला विचारा. दोन्ही लिप्यांचा धडा तिथेच होईल.

शब्दांचा खेळ आपल्याला नवा नाही. आपल्या घरांत बैतबाजी रंगे, शेजारच्या घरांत भेंड्या. पहिले छापील शब्दकोडे 1913 साली न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आले, आणि पुढे ते जगभर पसरले. दिल्लीच्या 'शमा' मासिकाचे अदबी मुअम्मे सोडवायला एके काळी घरेच्या घरे बसत.

पण मोहही तिथेच शिरला. बक्षिसाच्या आशेने लोक प्रवेश फीवर फी भरू लागले. म्हणून 1955 साली बक्षीस स्पर्धांचा कायदा झाला, आणि महिन्याला 1,000 रुपयांवर बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना बंदी आली. बंगळूरच्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्याच्या योजनेचा खटला 1957 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी नशिबाने जुळणे हे कौशल्य नव्हे, तो जुगार आहे, असा निकाल लागला. दोष शब्दांचा नव्हता, त्यांना जोडलेल्या पैशाचा होता.

आजही कसोटी तीच आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 साली केंद्राने बंदीचा कायदा केला. पण ज्यात जिंकायचे काही नाही, नुसते 'इशारे' आणि 'नाणी' विकत घ्यायची, असे खेळ त्या बंदीत येत नाहीत. तिथे पहारा आपणच ठेवायचा आहे. मूल अडले की खेळ म्हणतो, जाहिरात पाहा, इशारा घ्या. एक पायरी संपली की दुसरी उघडतेच. अशा खेळाला शेवट नसतो. उलट, दिवसाला एकच कोडे देणारा खेळ स्वतःहून थांबतो. निवड करताना हा फरक लक्षात ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. दहा मिनिटे खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. पण झोप आणि अभ्यास बुडू लागला, तर दुर्लक्ष करू नका.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. खेळ बैठकीत, सर्वांसमोर खेळावा. त्याची वेळ आधी ठरावी. फोनला पैशाचे खाते जोडलेले असेल, तर त्याचा पासवर्ड मुलाजवळ नसावा. आणि खेळात आलेला एक नवा शब्द रोज वहीत अर्थासह लिहून त्याचे वाक्य करावे. मुलाला फोन मिळतो आणि मुलीला चूल, असेही घडू नये. कोडे दोघांनी मिळून सोडवावे.

माझा नातू आता वही लिहितो. परवा त्याने मलाच एका शब्दाचा अर्थ विचारला, आणि मला सांगता आला नाही. आम्ही दोघांनी शब्दकोश उघडला. पालकहो, मुलाच्या हातून फोन हिसकावण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा.