मापाबरहुकूम

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, नेत्रशल्यविशारद, जबड्याचे सर्जन, बायोमेडिकल इंजिनिअर आणि विद्यार्थी मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपलं मनापासून स्वागत. डोळ्याच्या खोबणीच्या पुनर्रचनेवरची परिषद आणि स्वागताध्यक्ष भोसरीचा टूलरूमवाला, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. माझ्याही उंचावल्या होत्या. संयोजक म्हणाले, ‘इम्प्लांट तुम्ही लोक छापता, मग स्वागतही तुम्हीच करा.’ हिशेब पटला.

या विषयावर पुण्याचा जुना हक्क आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिगत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा उभं केलं. आपण ही गोष्ट सांगतो ती त्या कातडीसाठी. माझं लक्ष मात्र मेणाकडे जातं. त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा चेहऱ्यावर बसवून नाकाचा आकार घेतला, तो कपाळावर सपाट पसरला, कडेने रेघ मारली आणि मगच शस्त्र उचललं. टूलरूममध्ये याला टेम्प्लेट म्हणतात. त्या हकिगतीत कारागिराचं नाव नाही, याचं मला वाईट वाटतं. तो आमच्या बिरादरीतला होता.

आता तुमच्या क्षेत्राबद्दल बोलणं म्हणजे सूर्यापुढे काजवा, तरी बोलतो. प्रौढ माणसाच्या खोबणीत जागा जेमतेम ३० मिलीलिटर, आणि तिची फरशी काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. चेंडू किंवा ठोसा बसला की ती खाली सायनसमध्ये फुटते आणि चरबी, कधी स्नायूही, खाली उतरतो. आतली जागा एका मिलीलिटरने वाढली की डोळा साधारण एक मिलिमीटर आत जातो, आणि दोन मिलिमीटर गेला की समोरच्याला दिसायला लागतं. हे आकडे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी गप्प झालो. टॉलरन्सच्या गप्पा आम्ही लोक फार मारतो, पण आमचा जॉब डोळे मिचकावत नाही.

काम कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सीटी स्कॅनचे पातळ काप घ्यायचे, धड बाजू संगणकात आरशासारखी उलटवून मोडक्या बाजूवर ठेवायची, त्यावर फुटलेल्या फरशीच्या जागी बसवायच्या पट्टीचा आकार आखायचा आणि टायटॅनियमची भुकटी लेझरने थरावर थर वितळवत जायचं. ऐकायला सोपं आहे. पण पडद्यावर धड बाजूच्या हाडालाही भोकं दिसतात. ती बहुतेक खोटी असतात: हाड इतकं पातळ, की स्कॅनच्या एका ठिपक्यात हाड आणि शेजारची हवा यांची सरासरी पडते. हे सर्जनने सांगितलं तरच इंजिनिअरला कळतं. उलट पट्टीला मात्र खरी भोकं ठेवावी लागतात, नाहीतर साचलेल्या रक्ताचा दाब दृष्टीच्या नसेवर येतो. ती फार ठेवली तर पेशी त्यात शिरून रुजतात आणि पुढे पट्टी काढायची वेळ आली तर सर्जनची परीक्षा होते. मागे कुठवर जायचं? पट्टीला टेकायला शाबूत हाडाचा कठडा हवा, आणि त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर ती नस. ड्रॉइंग आलं, ऑर्डर आली, माल रवाना, असा हा धंदा नव्हे. दोघांनी एका पडद्यासमोर बसायलाच हवं. ते बसत नाहीत, ही माझी तक्रार आहे, आणि ती दोन्ही बाजूंबद्दल आहे.

दुसरी तक्रार माझ्याच व्यवसायाबद्दल. प्रदर्शनात छापलेलं टायटॅनियम झळकतं, म्हणून आम्ही तेच विकायला धावतो. लहान मुलाचं हाड कोवळ्या फांदीसारखं वाकून परत मिटतं, स्नायू त्यात अडकतो, उलट्या होतात, नाडी मंदावते. तिथे तातडीने तो सोडवायचा असतो, छपाईची वाट पाहायची नसते. जुनी, वेडीवाकडी जुळलेली दुखापत असेल तर मात्र मापाची पट्टी खरंच कामाची. मधल्या कितीतरी रुग्णांसाठी एक स्वस्त वाट आहे: कवटीची प्रतिकृती रेझिनमध्ये छापायची आणि बाजारातली साधी जाळी शस्त्रक्रियेआधीच तिच्यावर वाकवून घ्यायची. जिल्हा रुग्णालयांना परवडेल ते हे. उद्याच्या चर्चेत याला शेवटची दहा मिनिटं मिळू नयेत, एवढी यजमान म्हणून विनंती.

२०२१ ची काळी बुरशी महाराष्ट्र विसरलेला नाही. रुग्ण वाचले, पण कुणाचा वरचा जबडा गेला, कुणाची खोबणीची फरशी, कुणाचा डोळाच. तिथे आरशात उलटवायला धड बाजू नेहमी मिळतेच असं नाही. अशा रुग्णांची पुनर्रचना अजून चालू आहे आणि त्यावर दुपारी स्वतंत्र सत्र ठेवलं आहे.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर कवटीच्या प्रतिकृती, जाळ्या आणि पकडी मांडल्या आहेत. त्या हाताळण्यासाठीच आहेत. जाळी वाकवून बघा, तुटली तर बिल पाठवणार नाही. सर्जन आणि इंजिनिअर यांच्या जेवणाची टेबलं संयोजकांनी वेगळी मांडली होती. ती मी सकाळीच एकत्र करायला लावली आहेत.

पुन्हा एकदा स्वागत. आता उद्घाटकांनी सूत्रं हाती घ्यावीत.