मे महिन्यातली पंपाची शाळा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. आम्ही आज भावावर बोलणार नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या तालुक्यात दहा दिवसांचे एक शिबिर झाले, त्याचा हिशेब तुमच्यापुढे ठेवायचा आहे. आठवी ते दहावीची २६ पोरे, त्यांत ९ मुली. जागा म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगची शेड. साहित्य म्हणजे गावोगावहून गोळा केलेले ७ मोडके पंप, दोन वायरमन, एक रिवायंडिंगवाला आणि हायस्कुलातून निवृत्त झालेले एक गुरुजी.

मे महिनाच का, असे पुष्कळांनी विचारले. शाळेला सुट्टी असते, उसाच्या फडावर गेलेली माणसे परतलेली असतात आणि पेरणीला अवकाश असतो. शिवाय विहिरी तळाला गेलेल्या असतात, त्यामुळे पंपाचे जे काही दुखणे असेल ते तेव्हाच उघडे पडते.

या खटाटोपाची गरज काय? आमच्यातल्याच एका घरचा मुलगा बारावीला होता. लातूरला शिकवणी लावलेली, दोन एकर जमीन गहाण. द्रवाच्या प्रवाहाची गणिते तो तोंडावर करी. आम्ही त्याच्या बापाला विचारले, तुमची मोटार किती पाणी फेकते? बाप म्हणाला, ‘बक्कळ.’ पोराला विचारले तर पोरगा गप्प. ज्या पाण्यावर त्याची फी निघत होती ते पाणी त्याने कधी मोजले नव्हते, आणि मोजायला त्याला कोणी सांगितलेही नव्हते. दोष पोराचा नाही. इंजिनियर म्हणजे शहरात टेबलावर बसणारा माणूस आणि विहिरीवर हात काळे करतो तो ‘मेकॅनिक’, ही वाटणी आपण मोठ्यांनीच करून ठेवली आहे.

ही वाटणी मोडायचा उद्योग महाराष्ट्रात आधी झालेला आहे. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. आपल्यासारखाच अवर्षणाचा मुलूख. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हे गृहस्थ मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून खेड्यात येऊन राहिले. शाळेतून गळालेली पोरे घेऊन त्यांना वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन हे सगळे कामातूनच शिकवायचे आणि त्या कामाच्या पोटात विज्ञान घालायचे, अशी त्यांची रीत. गावातले खरे काम करायचे, त्याचे पैसे घ्यायचे, म्हणजे काम नीट होते, हा त्यातला व्यवहार आम्हाला फार पटला. पुढे आठवी ते दहावीच्या शाळांतही आठवड्यातला एक दिवस असे शिक्षण सुरू झाले. डॉ. कलबाग २००३ साली वारले. काम चालू आहे. आम्ही चौघे तिथे जाऊन पाहून आलो आणि मग हे धाडस केले.

पहिले दोन दिवस आम्ही घालवले, हे कबूल केले पाहिजे. फळा टांगला, गुरुजींनी आकृत्या काढल्या, पोरे जांभया देत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पोरगे भिंतीला टेकून चक्क घोरायला लागले. तेव्हा रिवायंडिंगवाल्याने फळा उतरवला आणि प्रत्येक चौघांपुढे एक मोडका पंप ठेवून सांगितले, ‘उघडा. नटबोल्ट हरवला तर जेवण नाही.’ (सातव्या पंपावर दोघेच उरले, ते सर्वांत पुढे गेले.) त्यानंतर कोणी झोपले नाही.

इंपेलरची पाती झिजून कशी सुरीसारखी होतात, पॅकिंगची दोरी सुकली की पाइपात हवा कशी शिरते, हे त्यांनी हाताने पाहिले. आपण म्हणतो पंप पाणी ओढतो. पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातली जागा मोकळी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर पडणारा हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रकाठी हा दाब फार तर १०.३ मीटर पाणी उचलतो, आपल्या पठारावर त्याहून कमी, आणि घर्षण-गळती वजा जाता हाती २०-२२ फूट उरतात. उन्हाळ्यात पाणी ३० फुटांवर गेले आणि पंप काठावरच ठेवला, तर देवाला नारळ फोडूनही पाणी येत नाही. हे आमच्यातल्या दोन जुन्या बागाईतदारांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. ते बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप खाली उतरवला.

चौथ्या दिवसापासून पोरे विहिरींवर गेली. २०० लिटरचा बॅरल, घड्याळ आणि टेप, एवढीच हत्यारे. पहिल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार. बॅरल भरायला ६२ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला सव्वातीन लिटर. पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंत उंची १८ मीटर. लिटर गुणिले उंची गुणिले ९.८१, उत्तर वॉटमध्ये येते: सुमारे ५७०. वायरमनने तारेला मीटर लावून दाखवले, मोटार खात होती ३,२०० वॉट. शंभरातले अठरा पाण्याला, बाकी सगळे वाया. पोरांनी फुटबॉल, म्हणजे तो पाइपाच्या बुडाशी असतो तो फूट व्हॉल्व्ह, वर काढला तर जाळीत शेवाळ आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. ती साफ केली, पॅकिंग बदलली, दोन काटकोनी एल्बो काढून लांब वळणाचे बेंड टाकले. बॅरल ४१ सेकंदांत भरला. आठ तास वीज मिळाली तर आधी ९३ हजार लिटर पाणी निघत होते, ते १ लाख ४० हजार झाले. पाइप मात्र दोन इंचीच राहिला, तो बदलायला मालकाजवळ पैसे नव्हते. अडीच इंची टाकला असता तर तेवढ्याच पाण्याला घर्षण एक तृतीयांशावर आले असते.

दुसऱ्या विहिरीवर गंमत झाली. मालक सांगत होता, डीपी दुरुस्त झाली तेव्हापासून विहिरीचे पाणी तुटले. विहिरीत पाणी तर दिसत होते. नववीतल्या एका मुलीने पंख्याकडे पाहिले आणि पंपावरच्या बाणाकडे पाहिले. मोटार उलटी फिरत होती. दुरुस्तीत दोन फेजची अदलाबदल झाली होती. उलटा फिरणारा पंप पाणी देतो, पण थोडके, म्हणून कोणाला शंका आली नाही. वायरमनने दोन वायरी बदलल्या, पाच मिनिटांचे काम. मालकाने त्या मुलीला ५० रुपये दिले. तिने ते शिबिराच्या वहीत जमा केले, पावती मागून घेतली.

आता आक्षेप. एका गावचे पुढारी म्हणाले, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल शासन भरते, मग हे वॉटचे कीर्तन कशाला? आम्ही विचारले, मोटार जळली तर रिवायंडिंगचे बिल कोण भरते? एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांवर ताण येतो, प्रवाह दीडपट-पावणेदोनपट होतो आणि वायंडिंगचा कोळसा होतो. प्रिव्हेंटर बसवलेला असतो, तो आपणच बायपास करतो, कारण दोन फेजवर कंडेन्सर लावून रात्र काढायची असते. आणि वीज फुकट असली तरी ती किती तास येते ते आपल्या हाती नाही. सौरपंपाला तर पाइपाचे घर्षण जास्तच जाचते. तिथे ऊन मोजून मिळते.

दुसरा आक्षेप जास्त कडू होता. तिसऱ्या दिवशी एक बाप शेडच्या दारात येऊन उभा राहिला. पोराच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, ‘हेच करायचं होतं तर त्याला शाळेत कशाला घातला?’ पोरगे त्याच्या मागे निघून गेले. आम्ही अडवले नाही. त्या माणसाने आयुष्यभर हातच काळे केलेले, त्याचा राग आम्हाला कळतो. पोरगे दोन दिवसांनी एकटेच परत आले. बाप आला नाही, पण त्याने जेवणाचा डबा पाठवला.

आता जे सांगायचे ते थोडक्यात सांगतो, कारण त्या घरची माणसे या सभेत बसली आहेत. शिबिरातल्या एका मुलीचे वडील तीन वर्षांपूर्वी पावसात स्टार्टर चालू करताना गेले. पेटी पत्र्याची, अर्थिंग तुटलेले. ती मुलगी पाच दिवस कशालाच हात लावत नव्हती, वहीत नुसते लिहून घेत होती. सहाव्या दिवशी वायरमनने अर्थिंगचा खड्डा करून दाखवला: लोखंडी पट्टी, कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात ओल टिकवायला वरून पाणी. ती उठली आणि विचारले, आमच्या शिवारात किती पेट्या असतील? पोरे वायरमनला घेऊन निघाली. दोन दिवसांत १९ विहिरी पाहिल्या. ११ ठिकाणी अर्थिंग नव्हते किंवा तुटलेले होते. दोन ठिकाणी टेस्टर लावताच पत्र्यावर दिवा लागला. त्या दोन्ही मोटारी वायरमनने तिथल्या तिथे बंद केल्या. मालक भांडले. शिबिर संपायच्या आत ११ पैकी ९ ठिकाणी खड्डे झाले, खणले पोरांनीच. उरलेले दोघे अजून ‘करतो, करतो’ म्हणताहेत. त्यांची नावे आम्ही इथे घेत नाही, बैठक संपल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसणार आहोत.

पुढच्या मे महिन्यात दोन ठिकाणी शिबिर घ्यायचे ठरले आहे. डाळ-तांदूळ गावातून होईल, दारातल्या टेबलावर वायरमन मंडळींनी नावे द्यावीत. मुलींना पाठवायला मागेपुढे पाहू नका. मुक्कामाची सोय शेजारच्या घरांतून केली आहे, बाया सोबत असतात. आणि प्रत्येक गावाने एक पंप आणावा. मोडकाच आणा. चालू पंप आणलात तर पोरे तो उघडतील आणि तुमची बाग वाळेल, मग आमच्याकडे येऊ नका.